विद्यापीठ व महाविद्यालयीन कर्मचाऱ्यांचे वेतन, निवृत्तिवेतन आणि वारंवारचे संप यांबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

मार्फत : मा. तहसीलदार, श्रीवर्धन, जि. रायगड

विषय : विद्यापीठे व अनुदानित महाविद्यालयांतील शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या मागण्यांवर कालबद्ध आदेश काढण्याबाबत

महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयात नेमणूक करते संस्था आणि पगाराचा पैसा देते शासन. विद्यापीठातही स्थिती फारशी वेगळी नाही, आणि शिक्षकांच्या वेतनश्रेणीला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शिफारशींचा आधार लागतो. त्यामुळे मंत्रालयातील लिपिकाला मिळालेला लाभ विद्यापीठातील लिपिकाला आपोआप मिळत नाही. त्यासाठी वित्त विभागाची संमती आणि वेगळा शासन निर्णय लागतो. तोवर प्रशासन शासनाकडे बोट दाखवते आणि फाईल एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरत राहते. ज्याच्याशी समोरासमोर बसून बोलणी करावी असा एकच मालक या कर्मचाऱ्यांना नाही. संपाचे मूळ बहुतेक वेळा या विलंबात असते. रक्कम किती, हा वाद नंतरचा.

२०१३ चा परीक्षा बहिष्कार हे याचे ठळक उदाहरण आहे. सहाव्या वेतन आयोगाची श्रेणी १ जानेवारी २००६ पासून देय होती. ३१ मार्च २०१० पर्यंतच्या वाढीव खर्चाचा ८० टक्के भार केंद्र उचलणार होते, पण राज्याने आधी पैसे द्यायचे आणि मग केंद्राकडून परतफेड घ्यायची, अशी ती व्यवस्था होती. थकबाकी या व्यवहारात अडकली. एमफुक्टो या प्राध्यापक महासंघाने ४ फेब्रुवारी २०१३ पासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला. तो १० मेपर्यंत, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ चालला. त्यातल्या ७१ दिवसांचे वेतन शासनाने रोखले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये प्राध्यापक पुन्हा बेमुदत संपावर गेले, तेव्हा तेच ७१ दिवस मागणीपत्रात होते. एका संपाचा निपटारा अर्धवट राहिला की दुसऱ्या संपाचे कारण तयार होते, हे या दोन वर्षांनी दाखवून दिले.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची गोष्ट याहून कमी सांगितली जाते. परीक्षा विभाग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, पात्रता आणि स्थलांतर प्रमाणपत्रे हे सारे त्यांच्या हातून चालते. सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासूनचा. विद्यापीठीय शिक्षकेतरांना प्रत्यक्ष लाभ मिळू लागला तो नोव्हेंबर २०२० पासून. मधल्या ५८ महिन्यांची थकबाकी राहिली आणि १,४१० कर्मचारी तर त्या आयोगाबाहेरच राहिले. बढतीची जागा नसलेल्यांना वरची श्रेणी देणारी आश्वासित प्रगती योजनाही रद्द झाली. वीस-वीस वर्षे एकाच खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी ती योजना हीच बढती होती. या मागण्यांसाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये आधी परीक्षेच्या कामावर बहिष्कार आणि २० तारखेपासून बेमुदत संप झाला. निवेदने, काळ्या फिती, एक दिवसाचा लाक्षणिक संप, मग बेमुदत संप, असा या आंदोलनांचा नेहमीचा क्रम असतो. पहिल्या पायऱ्यांवर उत्तर मिळाले असते तर शेवटची पायरी आली नसती, असे मानायला पुरेसा आधार आहे.

निवृत्तिवेतनाचा प्रश्न यापेक्षा खोल आहे. अशासकीय महाविद्यालये व विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांना निवृत्तिवेतन योजना १ ऑक्टोबर १९८२ पासून लागू झाली. तिचा शासन निर्णय २१ जुलै १९८३ चा. त्याच सुमारास, १७ डिसेंबर १९८२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नसून केलेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे, असे स्पष्ट केले. पुढे १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांसाठी राज्याने परिभाषित अंशदान योजना आणली. जुन्या योजनेत शेवटच्या वेतनाच्या निम्मी रक्कम आणि तिच्यावर महागाई भत्ता मिळे. नव्या योजनेत मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम दरमहा कापली जाते, शासनाचा वाटा तीत पडतो, आणि हाती काय येईल ते बाजार ठरवतो. जमा रकमेतील किमान ४० टक्क्यांतून वार्षिकी घ्यावी लागते. तिच्यावर महागाई भत्ता नाही. नेट-सेट आणि पीएच.डी. करून, तासिका तत्त्वावर वर्षे काढून पस्तिशीत कायम झालेल्या प्राध्यापकाची अंशदानाची वर्षेच कमी असतात. त्याच्या म्हातारपणाचा हिशेब यात बसत नाही.

म्हणूनच १४ मार्च २०२३ पासून ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभरातील लाखो कर्मचारी व शिक्षक संपावर गेले. २० मार्चला मुख्यमंत्र्यांशी चर्चेनंतर संप मिटला. २०२४ मध्ये राज्याने सुधारित निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि ऑगस्टमध्ये केंद्रापाठोपाठ एकीकृत निवृत्तिवेतन योजनाही स्वीकारली. ब्रिटनमध्येही निवृत्तिवेतनाची हमी काढून घेण्याच्या प्रस्तावावरून २०१८ साली साठहून अधिक विद्यापीठांतील प्राध्यापकांनी १४ दिवस काम बंद ठेवले होते. नंतर कमी केलेले लाभ २०२४ मध्ये पूर्ववत झाले. उतारवयाची शाश्वती गेली की एरवी संयमी असलेला वर्गही रस्त्यावर येतो.

संपाची किंमत विद्यार्थी मोजतात, हे नाकारता येत नाही. बोर्ली पंचतन, दिवेआगर, दिघी, वेळास या पट्ट्यातील मुले पदवीसाठी श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव गाठतात. तंत्रशिक्षणासाठी लोणेऱ्याला जातात. येथील महाविद्यालयांचे विद्यापीठ मुंबईत आहे. परीक्षा पुढे गेली की खोलीचे भाडे आणि खाणावळीचा खर्च वाढतो. निकाल लांबला की पुढचा प्रवेश हुकतो आणि एका प्रमाणपत्रासाठी कलिन्याच्या विद्यापीठ संकुलापर्यंत खेप पडते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या केल्यानंतर अनेक घरांत असा जादा खर्च पेलण्याची ताकद उरलेली नाही. ज्या घरातला मुलगा महाविद्यालयात शिकतो आणि शेजारच्या घरातला कर्मचारी तिथेच नोकरी करतो, अशा गावात हा प्रश्न दोन्हीकडून भोगला जातो.

वरील वस्तुस्थिती पाहता पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी अशी की, राज्य कर्मचाऱ्यांसाठी वेतन किंवा निवृत्तिवेतनाचा निर्णय होताच विद्यापीठे व अनुदानित महाविद्यालयांचा आदेश ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त ९० दिवसांत, निघावा आणि ही मुदत नियमातच घालावी. शिक्षकेतरांची ५८ महिन्यांची थकबाकी तारखांसह हप्त्यांनी द्यावी, वगळलेल्या १,४१० जणांना सातवा आयोग लागू करावा आणि आश्वासित प्रगती योजना पूर्ववत करावी. यांपैकी जे आदेश निघाले असतील त्यांच्या अंमलबजावणीची स्थिती प्रसिद्ध करावी.

१ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या कर्मचाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू करावी. तोवर सुधारित योजनेचा लाभ विद्यापीठीय व महाविद्यालयीन कर्मचाऱ्यांना कोणत्या तारखेपासून व कोणत्या अटींवर मिळेल, हे लेखी कळवावे. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचे मानधन दरमहा द्यावे आणि रिक्त पदे पूर्णवेळ भरावीत. संपाची नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उच्च शिक्षण, वित्त विभाग, विद्यापीठ आणि संघटना यांची एकत्र बैठक घ्यावी, तिचे इतिवृत्त सर्वांना द्यावे, आणि त्या बैठकीआधी अत्यावश्यक सेवा कायद्याखाली (मेस्मा) किंवा वेतनकपातीची कारवाई करू नये.

निवेदनकर्ते : बोर्ली पंचतन परिसरातील पालक, विद्यार्थी व कर्मचारी
ठिकाण : बोर्ली पंचतन, ता. श्रीवर्धन, जि. रायगड