चांगला नवरा मिळणं हा हक्क नव्हे

मैत्रिणींनो, गर्टी आणि कार्ल कोरी यांची गोष्ट सांगतात ती बहुधा 'विज्ञानातलं आदर्श जोडपं' म्हणून. दोघांनी एकत्र काम केलं, 1947 साली दोघांना नोबेल मिळालं, संपली गोष्ट! मधल्या पंचवीस वर्षांचा हिशोब कोण मांडणार?

प्रागमध्ये 1896 साली जन्मलेली गर्टी 1920 साली डॉक्टर झाली, कार्लच्याच विद्यापीठातून, त्याच्याच बरोबरीने. 1922 साली दोघं अमेरिकेत आली. पुढे नोकऱ्या चालून आल्या त्या कार्लला. एका विद्यापीठाने तर तिला बजावलं की नवरा-बायकोने एकत्र संशोधन करणं अमेरिकन रीतीला धरून नाही, तू त्याच्या वाटेतली धोंड आहेस! 1931 साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कार्ल विभागप्रमुख झाला. गर्टीला मिळालं संशोधन सहायकाचं पद आणि नाममात्र पगार. तिला प्राध्यापक करायला नोबेलचंच साल उजाडलं.

त्या पगारात बाईने केलं काय? शरीर जादा साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. त्याच्या साखळीतून एकेक ग्लुकोज सोडवणारं फॉस्फोरिलेज हे एन्झाइम कोरींनी शोधलं. पण ग्लायकोजेनला फांद्या असतात आणि तिथे फॉस्फोरिलेज अडतं. फांदी तोडायला वेगळं एन्झाइम लागतं. काही मुलांत ते जन्मतःच काम करत नाही. त्यांचं यकृत वाढतं, उपाशीपोटी रक्तातली साखर घसरते. अशा आनुवंशिक आजारांचं मूळ एकेका एन्झाइमच्या अभावात आहे, हे गर्टीने 1950च्या दशकात दाखवून दिलं. तेव्हा अस्थिमज्जेच्या असाध्य आजाराने तिला पोखरलं होतं. 1957 साली ती गेली, तोवर काम थांबलं नाही.

कार्लने साथ दिली, हे खरंच. तिला नाकारणाऱ्या नोकऱ्या त्याने नाकारल्या. पण त्याचं मन बदललं असतं तर? ती एकटीच असती तर? पुरुषाच्या चांगुलपणावर टिकलेली प्रयोगशाळा ही मेहेरबानी झाली. 'नवरा-बायको एका खात्यात नकोत' हा नियम दिसायला दोघांना सारखा, पण घरी कोण बसतं?

म्हणून आपापल्या भागातल्या विद्यापीठांना, संशोधन संस्थांना विचारू या: कायम पदावर कोण आणि वर्षानुवर्षं हंगामी कोण? शोधनिबंधावर जिचं नाव आहे, तिचा पगार किती? आदर्श जोडप्यांचे सत्कार पुष्कळ झाले. आता बाईच्या नावचं नेमणूकपत्र दाखवा!