सूरजागडच्या रस्त्यावरील उन्हाळी सफर

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की शहरांतील मोटारसायकलस्वारांच्या मंडळ्यांत डोंगराळ मुलखातील सफरीचे बेत शिजू लागतात. विदर्भातील मंडळींची धाव आजवर पचमढी, चिखलदरा किंवा हौस फारच दांडगी असेल तर लडाखपर्यंत जात असे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागाचे नाव निघाले, की घरातील वडीलधारी माणसे कानांवर हात ठेवीत. आणि ते अकारण नव्हते. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ झालेल्या सुरुंगस्फोटात १५ पोलीस जवान व त्यांचा वाहनचालक प्राणास मुकले, ही घटना काही फार जुनी नाही. परंतु ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली आणि तेव्हापासून या मुलखाविषयीचे बोलणे बदलले. आलापल्ली, भामरागड, एटापल्ली, सूरजागड ही नावे आता हौशी प्रवाशांच्या नकाशावर येऊ लागली तर त्यात नवल नाही आणि गैरही नाही. मात्र बेत आखताना नकाशावरील हिरव्या रंगापेक्षा तेथील रस्त्याकडे अधिक लक्ष द्यावे लागेल.

ऋतूचीच गोष्ट आधी घ्यावी. या भागात जायचे तर उन्हाळाच सोयीचा, असे म्हणण्यात तथ्य आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध तुटतो, हे वर्षानुवर्षे चालत आले आहे. उन्हाळ्यात त्याच भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा यांचा संगम, त्यातील खडक आणि वाळूचे विस्तीर्ण पट्टे निवांतपणे पाहता येतात. पण सह्याद्रीतील घाटांची चित्रे मनात घेऊन येणाऱ्याची येथे निराशा होईल. सागवान मे महिन्यात निष्पर्ण असतो आणि पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. हा प्रदेश डोळ्यांत भरतो तो मार्चच्या अखेरीस आणि एप्रिलच्या प्रारंभी. कुसुमाच्या झाडाला लालभडक पालवी फुटते, ती लांबून फुलांसारखी दिसते. पहाटे मोहाच्या झाडांखाली टोपल्या घेऊन बसलेली बायामुले दिसतात. आलापल्लीजवळ जुन्या सागवनाचा सहा हेक्टरांचा तुकडा वनखात्याने राखून ठेवला आहे. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. त्या उंच खोडांखाली तासभर थांबणे हे शंभर किलोमीटर वेगाने तोडण्यापेक्षा किती तरी मोलाचे आहे.

अंतरे फार नाहीत. नागपुरापासून गडचिरोली सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. पुढे चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. आलापल्लीहून भामरागड सुमारे ६५, एटापल्ली सुमारे ३० किलोमीटर. कागदावर हा दोन दिवसांचा खेळ वाटतो. पण आष्टीपासून एटापल्लीपर्यंतचा आणि तेथून हेडरीकडे जाणारा रस्ता सहलीसाठी झालेला नाही. तो आज प्रामुख्याने लोहखनिजाचा रस्ता आहे.

सूरजागडच्या डोंगरात २००७ साली लॉइड्स मेटल्सला सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा मिळाला. काम सुरू झाले ते २०१६ मध्ये, आणि त्याच वर्षी डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तेथील कित्येक वाहने जाळली. २०२१ मध्ये उत्खनन पुन्हा सुरू झाले व २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टन उत्खननाला पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. एक कोटी टन म्हणजे काय, हे आकड्याने कळत नाही. ट्रकांच्या रांगेमागे अर्धा तास दुचाकी चालविली की कळते. एका ट्रकात २५ टन माल धरला तरी वर्षाला चार लाख खेपा होतात, म्हणजे दिवसाला हजाराहून अधिक भरलेले ट्रक आणि तितकेच रिकामे परतणारे. उडणारी तांबडी धूळ, खचलेल्या कडा, नाहीशा झालेल्या साइडपट्ट्या. हौशी स्वार एकदा येतो, धूळ झटकतो आणि निघून जातो. पण एटापल्लीच्या बाजारहाटाला, आलापल्लीच्या शाळेला, अहेरीच्या रुग्णालयाला जाणारा माणूस याच रस्त्यावरून दुचाकीवर रोज ये-जा करतो. पाठीमागे तापाने फणफणलेले मूल असते, कधी तांदळाचे पोते असते. रस्त्याच्या दुर्दशेविरुद्ध आणि अपघातांविरुद्ध या भागात वारंवार आंदोलने झाली, ती काही हौसेची नव्हती.

हेडरीपासून कोनसरीपर्यंत खनिजाचा गाळ वाहून नेणारी सुमारे ८५ किलोमीटरांची नलिका जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते सुरू करण्यात आली. तिच्यामुळे ट्रकांची गर्दी ओसरेल, असे त्या वेळी सांगण्यात आले. तसे होणार असेल तर ते मोजता येण्यासारखे आहे. नलिका सुरू होण्यापूर्वी आलापल्लीच्या चौकातून दिवसाला किती ट्रक जात होते आणि नंतर किती जात आहेत, हा हिशेब जिल्हा प्रशासनाने दरमहा जाहीर करावा. उत्खननाची मर्यादाच वाढत गेली, तर नलिकाही भरलेली आणि रस्ताही भरलेला, अशी स्थिती होण्यास वेळ लागणार नाही.

आता खुद्द सूरजागडचे. ज्या डोंगराच्या नावाने सफर आखायची, त्या डोंगरावर मोटारसायकल नेता येईल या भ्रमात कोणी राहू नये. खाणीचा भाग बंदोबस्तात आहे. आणि तो नसता तरीही हे ठिकाण केवळ देखावा पाहण्याचे नाही. परिसरातील सत्तर गावांच्या माडिया आणि गोंड समाजाचा ठाकुरदेव येथे आहे. दर जानेवारीत त्याची जत्रा भरते. १८५८ साली इंग्रजांविरुद्ध लढून चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेले बाबुराव शेडमाके यांचे नाव या डोंगराशी जोडले गेले आहे. ज्या गावकऱ्यांना आपल्याच देवाच्या वाटेवर पहारा ओलांडावा लागतो, त्यांच्यासमोर यंत्राचा धडधडाट करीत छायाचित्रे काढणे हे असभ्यपणाचे आहे, एवढे तरी पाहुण्याला कळावे. गावात शिरायचे तर विचारून शिरावे; माणसांची छायाचित्रे तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत. हेमलकशाला प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी पाच दशके चालविलेला लोकबिरादरी प्रकल्पही प्रेक्षणीय स्थळ समजून नव्हे, दवाखाना आणि शाळा समजून पाहावा.

मे महिन्याविषयी आणखी एक अडचण आहे, ती शहरी माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. हा तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे सारे गाव जंगलात, दुपारी अंगणात सत्तर पानांचे पुडे बांधणे, संध्याकाळी फळीवर मोजणी. वर्षभराच्या रोख कमाईचा मोठा वाटा या थोड्या दिवसांत हाती येतो. पेसा कायद्याच्या आधारे अनेक ग्रामसभा हा व्यवहार स्वतः करू लागल्या आहेत. या दिवसांत कुणाला पाहुण्यांकडे पाहायला फुरसत नसते. आणि वाळलेल्या पाचोळ्यावर टाकलेली एक जळती विडी संकलनाच्या जंगलाची राख करू शकते. वणव्याचे खापर मात्र मोहफुले वेचणाऱ्या बाईवर फुटते.

तेव्हा बेत एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातला असावा. पहिला मुक्काम गडचिरोलीस, वाटेत वैनगंगेकाठचे मार्कंडा, दुसरा आलापल्लीस, तिसरा भामरागडच्या बाजूला. परतताना सिरोंच्याकडे वळून प्राणहिता आणि गोदावरीचा संगम पाहता येईल. गाडी पहाटे पाचला काढावी, अकराला सावलीत उभी करावी आणि अंधार पडल्यावर चालवूच नये. पेट्रोल आलापल्लीस पुरते भरून घ्यावे, पाणी लागेल त्याच्या दुप्पट, मच्छरदाणी विसरू नये. हिवतापाचा हा जिल्हा आहे. एटापल्ली–हेडरी रस्ता बेतातून वगळला तर सफरीचे काही बिघडत नाही आणि त्या रस्त्यावर एक रांग तरी कमी होते.

पर्यटनाच्या घोषणा करण्यास उत्सुक असलेल्या सरकारने मात्र हा रस्ता वगळून चालणार नाही. १ जानेवारी २०२५ रोजी गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी रस्ता आणि त्यावरील एस.टी. यांचे उद्घाटन झाले, तेव्हा स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी तेथे बस पोचली. तीच बस पुढे अहेरीकडे निघते, तेव्हा तिला खनिजाच्या ट्रकांमधूनच वाट काढावी लागते. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी भरलेल्या ट्रकांना मज्जाव, दोन्ही बाजूंना पक्की साइडपट्टी, आणि आष्टी ते हेडरी या पट्ट्यात अपघातग्रस्तांना उचलण्यासाठी कायमची रुग्णवाहिका, एवढ्या तीन गोष्टी विश्रामगृहांच्या आराखड्याआधी व्हाव्यात. खनिजाच्या उत्पन्नातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे जो निधी जमा होतो, तो अशाच कामांसाठी असतो.