चार ओव्यांचे क्रिस्तपुराण

भाषागौरवाच्या व्यासपीठावर फादर स्टीफन्सांच्या चार स्तुतिपर ओव्या म्हटल्या, की आम्हा मराठीजनांचे ‘क्रिस्तपुराण’ संपते! १६१६ च्या या ग्रंथातील दुसऱ्या पुराणात येशूचे क्रूसावरील मरण व पुनरुत्थान ओवीबद्ध आहे. ज्यासाठी त्या इंग्रज पाद्र्याने मराठी आत्मसात केली, तेच आम्ही वगळतो. त्यांनी ओवीत केले ते तीन शतकांनंतर आंजेलो द फोन्सेका या गोमंतकीयाने कुंचल्याने केले. मरियेला साडी नेसविली. स्वधर्मीय खवळले आणि पुण्याचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम हेच त्यांचे घर झाले. त्यांना साडी खुपली, आम्हांला ओवीतला ख्रिस्त खुपतो, सोवळे एकच. येत्या ईस्टरला आपल्या मंडळांनी पुनरुत्थानाचा तो भाग सभेत वाचावा, आणि अर्थ सांगावयास एखाद्या ख्रिस्ती वाचकासच बोलवावे.