शिवराईला चिंच लावू नका

दसरा सरला की घरोघरी चिंचेचा कोळ निघतो. समया, निरांजनं, ताम्हन, पळी-पंचपात्री लखलखायला लागतात. त्याच परातीत मग आजोबांच्या डबीतली तांब्याची नाणीही पडतात. समईचं भलं होतं, नाण्याचं वाटोळं.

शिवराईचंच घ्या. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्र पति’. शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झालेलं हे नाणं पेशवाईत आणि पुढे इंग्रजी अमलातही चाललं. त्यामुळे तिचे प्रकार भरपूर. अक्षरांची वळणं, मधले ठिपके, कडेची नक्षी यांवरून जाणकार ते ओळखतात. त्यातून तांब्याचा तुकडा बहुधा ठशाहून लहान, म्हणजे मजकूर मुळातच अर्धामुर्धा उमटलेला. उरलेलं जे वाचता येतं ते बऱ्याचदा त्या तपकिरी-हिरव्या थरामुळेच, कारण खोलगट जागी तो गडद असतो आणि अक्षर उठून दिसतं. हा थर म्हणजे मळ नव्हे, नाण्याची कातडीच ती. चिंच-लिंबातलं आम्ल ती सोलून काढतं आणि खाली गुलाबी, खड्डे पडलेलं तांबं उरतं. नाण्यांचे व्यापारी असा तुकडा हातात घेताच ओळखतात आणि भाव पाडतात. मला त्यात त्यांची लबाडी दिसत नाही.

मग धुवायचंच नाही का? बाहेरून चिकटलेलं काढायला हरकत नाही. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणं भिजत ठेवा, पाणी गढूळ झालं की बदला. घाई नको. सुटलेली माती लाकडी दातकोरणीने अलगद काढा; धातूची सुई नको, टूथब्रशही नको. सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका. सेलोटेपचा डिंक किंवा प्लास्टिकच्या पाकिटाने सोडलेली चिकट हिरवी घाण पाण्याने जात नाही. तिला शुद्ध अ‍ॅसिटोन लागतं. काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, गॅसच्या शेगडीपासून लांब. नेलपॉलिश काढायच्या बाटलीत रंग आणि तेलं मिसळलेली असतात, ती चालणार नाही.

सातवाहनांची शिशाची नाणी हा आणखी नाजूक मामला. त्यांना व्हिनेगर तर सोडाच, लाकडी कपाटाची हवाही बाधते; लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफांनी त्यांवर पांढरी भुकटी धरते.

तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी पूड दिसली आणि झटकल्यावरही ती पुन्हा उगवली, तर मात्र तो आजार आहे. क्षार आणि दमट हवा मिळून धातू आतून पोखरतात. असं नाणं इतरांपासून वेगळं काढून कोरड्या जागी ठेवावं आणि धातूच्या वस्तूंचं जतन करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवावं. घरगुती उपाय इथे नकोच.

राहता राहिला लक्ष्मीपूजनाचा राणीछाप रुपया. वजन ११.६६ ग्रॅम, त्यात जवळपास ९२ टक्के चांदी. त्याच्यावरचं काळेपण रुपयाच्याच चांदीचं बनलेलं असतं, म्हणून दर दिवाळीला रांगोळीने घासला की राणीचे केस थोडे थोडे सपाट होत जातात. पण ती पूजेतली वस्तू आहे, संग्रहातली नव्हे, आणि घरच्या बाईला लक्ष्मी उजळ हवी असेल तर माझी ना नाही. फक्त रांगोळीऐवजी कोमट पाणी आणि मऊ फडकं घ्या. हळदकुंकू तेवढ्याने सुटतं.