यंत्रमानवाची वंदना आणि आपली वेठ

गेल्या रविवारी विहारातील वंदना आटोपली, खीरदान झाले आणि मंडळी उठण्याच्या बेतात होती. इतक्यात पुण्याला शिकणारा एक मुलगा मोबाईल घेऊन आमच्याजवळ आला. “दादा, हे बघा. भन्तेजींच्या बरोबरीने यंत्रमानव गातोय!” आम्ही चष्मा सावरला. बघता बघता आमच्याभोवती पाच-पंचवीस माणसे जमली.

कार्यक्रम होता पॅरिसमधला, जून २०२३ चा. शातले नावाच्या जुन्या नाट्यगृहात केइइचिरो शिबुया या जपानी संगीतकाराने ‘मिरर’ म्हणजे ‘आरसा’ हा प्रयोग सादर केला. त्याआधी २०२२ साली दुबईच्या जागतिक प्रदर्शनातही तो झाला होता. एका बाजूला पाश्चात्य वाद्यवृंद. दुसऱ्या बाजूला जपानच्या कोयासान पर्वतावरील भिक्खू, बाराशे वर्षांच्या परंपरेतले ‘शोम्यो’ नावाचे सूत्रपठण करणारे. मध्यभागी ‘ऑल्टर’ नावाचा यंत्रमानव. चेहरा माणसासारखा, बाकीचे अंग उघड्या यंत्राचे. भिक्खूंचा धीरगंभीर स्वर लागला की तो मान हलवतो, हात पसरतो आणि आपल्या यांत्रिक आवाजात गातो.

चित्रफीत संपली आणि खरी मौज सुरू झाली. प्रत्येकाला वेगळेच दिसले होते!

एक आजी म्हणाल्या, “आवं, ह्याच्या तर अंगात आलंय!” तुळजापूरच्या वाटेवर ज्यांनी उभी हयात काढली, त्यांना हलणाऱ्या मानेत अंगात आलेली बाई दिसली, यात नवल नाही. एका शिक्षकाला त्यात जगभर पोचलेला धम्म दिसला. त्यांचा ऊर भरून आला. एक ताई रागावल्या. “सूत्र म्हणायला मशीन? ही तर टवाळी झाली,” म्हणाल्या. आणि एका लहान मुलीने विचारले, “त्याला कळतंय का, तो काय म्हणतोय ते?”

या प्रश्नाचे उत्तर मोठ्यांपैकी कोणीच दिले नाही.

वाचकहो, हा गोंधळ केवळ आपल्याकडचा नाही. जपानच्या क्योटो शहरातील कोदाइजी या झेन मंदिरात २०१९ पासून ‘मिंदार’ नावाचा यंत्रमानव आहे. तो अवलोकितेश्वराच्या रूपात उभा राहून प्रज्ञापारमिता हृदयसूत्रावर प्रवचन देतो. ऐकून गेलेल्या लोकांना ओसाका विद्यापीठाने विचारले, तेव्हा कोणी सांगितले की साध्या यंत्रात नसते अशी ऊब जाणवली. कोणी म्हणाले, हे सारे बनावट वाटते. पुढे २०२३ साली संशोधकांनी याच मंदिरात झालेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्राचे प्रवचन माणसाच्या प्रवचनाइतके विश्वासाचे वाटत नाही आणि दान देणारा हातही आखडतो, असे त्यात आढळले.

आपल्या महाराष्ट्रातही २०१७ च्या गणेशोत्सवात पुण्यातील एका कंपनीच्या यंत्रहाताने आरती ओवाळली होती. त्याच साली तोक्योच्या एका प्रदर्शनात चीवर पांघरलेला ‘पेपर’ नावाचा यंत्रमानव अंत्यविधीची सूत्रे म्हणत होता. एका विधीचे मोल पन्नास हजार येन! माणूस पुरोहित बोलावला तर याच्या चौपटीहून अधिक खर्च येतो, असा हिशेब त्या वेळी दिला गेला. दुःखातही स्वस्त-महाग बघणारा बाजार तिथेही पोचलाच.

पण त्या रविवारचे सर्वांत मोलाचे बोल या कोणाचे नव्हते. भिंतीला टेकून बसलेले ऐंशी पार केलेले एक तात्या इतका वेळ गप्प होते. ते हळूच म्हणाले, “पोरांनो, हे यंत्र तुम्हाला नवं वाटतंय. आमचा बाप असंच यंत्र होता. गावानं हाक मारली की उठायचं. चावडी झाडायची, सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर वढायचं. मांगवाड्यातल्या माणसानं हलगी वाजवायची ती मांडवाच्या बाहेर बसून. लगीन त्यांचं, देव त्यांचा, जत्रा त्यांची. आपुन नुसतं हात हलवायचे. तुला काय वाटतं, हे कुणी इचारलं नाही.”

सगळे स्तब्ध झाले.

तात्यांना ठाऊक नसेल, पण ते शब्दशः खरे बोलले. ‘रोबोट’ हा शब्दच वेठबिगारीतून आला आहे. १९२० साली कारेल चापेक या चेक लेखकाने आपल्या नाटकात तो प्रथम वापरला. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करावी लागणारी राबणूक. आपल्या भाषेत, वेठ!

आणि ही वेठ मोडण्याचा हुंकार आपल्या याच जिल्ह्यात उठला होता. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला स्वतः बाबासाहेब आले. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या हुकमाने हात हलवले, त्यांना बाबासाहेबांनी आपल्या मनाने हात उचलायला शिकवले. १९५६ साली नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या प्रत्येकाने ‘मी’ म्हणून घेतल्या. दुसऱ्याने आपल्यासाठी घ्यायची ती गोष्टच नव्हे.

हे सारे आज लिहिण्याचे कारण घरचेच आहे. आमच्या विहार समितीपुढे एक सूचना आली आहे. सकाळ-संध्याकाळ वंदनेला माणसे येत नाहीत. तेव्हा वेळ लावलेले यंत्र आणावे, ठरल्या वेळी कर्ण्यावरून त्रिसरण-पंचशील आपोआप सुरू होईल. सूचना तरुणांची आहे आणि त्यांचा हेतू चांगला आहे. निदान वस्तीच्या कानावर पडेल, असे ते म्हणतात.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. बाबासाहेबही नव्हते. गांधीजींच्या यंत्रविरोधावर १९४५ साली त्यांनी कडक टीका केली. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीतून संस्कृती घडते, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्राने ओझी वाहावीत, गटारे उपसावीत, जरूर. पण फुरसत मिळाल्यावर माणसाने जे करायचे, तेच यंत्राकडे दिले, तर फुरसत कशासाठी? शील पाळण्याचा निश्चय कर्ण्याला करता येत नाही. कर्माच्या मुळाशी मनातील हेतू असतो, असे तथागतांनी सांगितले. यंत्राला हेतू नाही.

मात्र इथेच आम्ही स्वतःला पकडले. त्याच रविवारी वंदना म्हणताना आमचे ओठ पाली बोलत होते आणि डोक्यात कचेरीतला मार्चअखेरचा ताळमेळ चालला होता. तेव्हा त्या पॅरिसच्या यंत्रात आणि आमच्यात फरक तो कोणता? शिबुयांनी प्रयोगाला ‘आरसा’ हे नाव का दिले ते त्यांना माहीत; आम्हाला मात्र त्यात आमचेच तोंड दिसले. त्या चिमुरडीचा प्रश्न यंत्राबद्दल होता, पण लागू पडला तो आम्हाला.

म्हणून समितीपुढे आम्ही एवढेच मांडणार आहोत. यंत्र घ्यायचे तर शिकण्यासाठी घ्या; उच्चार चुकतात तिथे ऐकून दुरुस्त करा. वंदना मात्र माणसानेच म्हणावी. दर रविवारी एका घराने पुढाकार घ्यावा, त्या घरातील मुलाने किंवा मुलीने एकेक शील म्हणावे आणि त्याचा अर्थ आपल्या मराठीत सांगावा. चुकले तरी चालेल. अडखळणाऱ्या लेकराच्या वंदनेत जे असते, ते बिनचूक कर्ण्यात नसते.

मातांनो, भगिनींनो, हे काम विहाराआधी तुमच्या स्वयंपाकघरात सुरू होते. भाकरी थापता थापता लेकीला एवढेच विचारा, “बाळ, आज म्हटलंस त्याचा अर्थ काय?” आणि तिने तोच प्रश्न उलट विचारला, तर उत्तर तयार ठेवा.

पहिल्या रविवारी आमच्या घराची पाळी आम्ही मागून घेतली आहे. त्या चिमुरडीला समोरच बसवणार आहोत.

जयभीम!