विश्लेषण : जग वर्गात आणणारे शिक्षक घडवायचे कसे?

परितेवाडी (ता. माढा, जि. सोलापूर) येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड आणि परदेशी वर्गांशी व्हिडिओ कॉलवरून जोडलेली मुले यांचे कौतुक झाले. पण असे शिक्षक अपवादानेच का घडतात, हा प्रश्न मागेच राहिला.

जागतिक शिक्षण म्हणजे काय?
आपल्या गावातील प्रश्नाचे जगाशी असलेले नाते मुलांना ओळखता येणे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी ४.७ क्रमांकाचे लक्ष्य २०३० पर्यंत प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत जागतिक नागरिकत्वाचे शिक्षण पोहोचवण्यास सांगते.

वर्गात ते कसे दिसेल?
बीडजवळचे पाली गाव घ्या. शेजारी बिंदुसरा प्रकल्प आहे. ‘तलावात यंदा पाणी किती?’ या प्रश्नावरून शिक्षक प्रशांत महासागरापर्यंत जाऊ शकतो. तेथील पाणी तापले की एल निनो येतो आणि आपला मान्सून कमजोर पडण्याची शक्यता वाढते. २०१५ मध्ये एल निनो तीव्र होता. त्याच वर्षी मराठवाड्याने भीषण दुष्काळ सोसला. कापसाच्या भावावरून असाच धडा जागतिक बाजाराचा होतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांची अनेक मुले आई-वडिलांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवी भाषा, नवा मुलूख ती पाहून येतात. हजेरीपटावर मात्र ती फक्त गैरहजर असतात. स्थलांतराचा धडा त्यांच्या अनुभवातून सुरू झाला, तर परतलेले मूल मागे पडलेले न ठरता वर्गाला काही सांगणारे ठरेल.

अडते कुठे?
बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. त्यात किमान २० आठवड्यांची शालेय इंटर्नशिप आहे. वेळ आहे, पण तो ठरावीक साच्यातील पाठ टाचणे भरण्यात गेला तर गावाकडे पाहण्याची सवय लागत नाही.

काय करता येईल?
प्रत्येक छात्राध्यापकाने इंटर्नशिपमध्ये गावातील एका प्रश्नावर निदान एक पाठ तयार करावा, तो दुसऱ्या राज्यातील किंवा देशातील वर्गाबरोबर घ्यावा आणि त्याला अंतिम मूल्यमापनात गुण असावेत. राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांचे एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता होणार आहे. त्या अभ्यासक्रमात ही तरतूद आताच हवी. पुरस्कार एका शिक्षकाला मिळतो; प्रशिक्षण सुधारले तर लाभ पालीसारख्या प्रत्येक गावाला मिळेल.