दहाला संपणारं रॉक

"ताई, परवा रात्री एक वाजता तुम्हाला स्टेशनबाहेर पाहिलं म्हणे आमच्या ह्यांनी. घरी सगळं ठीक आहे ना?"

बदलापुरात आमच्या बचत गटाची मासिक बैठक होती. हप्ते गोळा करून झाले होते, चहा यायचा होता. विचारणारीच्या आवाजात काळजी होती आणि थोडी चौकशीही होती. ही गोष्ट जानेवारी २०२५ मधली.

"घरी सगळं छान आहे गं. लेकीबरोबर नेरुळला गेले होते, गाण्याच्या कार्यक्रमाला."

"भजनसंध्या होती का?"

"नाही. रॉक."

क्षणभर सगळ्या गप्प. मग मागून एक आवाज आला, "म्हणजे ते किंचाळतात ते?" आणि हशा पिकला. नंतर चहा संपेपर्यंत मला प्रश्नच प्रश्न आले, पण त्यात गाण्याविषयी एकही नव्हता. सुटलं कितीला? गाडी मिळाली का? लेडीज डब्यात कोणी होतं का? रिक्षा होती का? सासूबाई काही बोलल्या नाहीत?

तेव्हा हसले, पण घरी येताना वाटलं, प्रश्न अगदी बरोबर होते. कल्याणच्या पुढे राहणाऱ्या बाईचा कुठलाही कार्यक्रम पडदा वर गेल्यावर सुरू होत नाही. तो परतीच्या गाडीपासून उलटा मोजत यावं लागतं. गाडी अमुक वाजता, म्हणजे स्टेशनला तमुक वाजता, म्हणजे उठायचं इतक्याला. ठाण्याला गडकरी रंगायतनला जाऊन शेवटचा प्रवेश न बघता उठलेल्या किती तरी बायका आमच्या अंबरनाथ-बदलापुरात सापडतील. नाटकात शेवटी काय झालं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी कोणाकडून तरी ऐकलेलं असतं.

माझं माहेर अंबरनाथचं. रॉकचं वेड मला दादामुळे लागलं. त्याच्याकडे टेपरेकॉर्डर होता आणि मित्रांकडून आणलेल्या कॅसेट. डीप पर्पल, पिंक फ्लॉइड, आयर्न मेडन. शब्द मला अर्धे कळायचे नाहीत, पण गिटार सुरू झाली की पोळ्या लाटताना लाटण्याचा ठेका बदलायचा. आई म्हणायची, "पोळीला कोपरे कसे आले गं?"

दादा आणि त्याचे मित्र दर ऑगस्टमध्ये रंगभवनला जायचे. मुंबईत धोबीतलावला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी हे खुलं नाट्यगृह. तिथे १९८६ पासून 'इंडिपेन्डन्स रॉक' व्हायचं, आपल्याच देशातले बँड वाजवायचे. दादा रात्री उशिरा परत यायचा. बूट चिखलाने भरलेले, अंगावर भिजलेला काळा टी-शर्ट आणि घसा पार बसलेला. मी दार उघडायची आणि कुजबुजत सगळं विचारून घ्यायची. एकदा धीर करून "मलाही ने ना" म्हटलं, तर आईने स्वयंपाकघरातूनच निकाल दिला, "मुलींचं काय काम तिथे?" त्या काळी मुलींनी गाणं प्रत्यक्ष ऐकायचं म्हणजे गणपतीतला ऑर्केस्ट्रा, तोही पुढे सतरंजीवर बायकांत बसून. १ नोव्हेंबर १९९६ ला मायकल जॅक्सन अंधेरीला आला तेव्हा मी अकरावीत होते. आमच्या गल्लीतली चार मुलं गेली होती. मुलगी एकही नाही.

आज विचार करते तेव्हा एक गंमत लक्षात येते. आमच्यासारख्यांना परवडेल असं ठिकाण म्हणजे ते रंगभवनच होतं! अंबरनाथला बसायचं ते थेट व्हीटीला उतरायचं, गाडी बदलायची नाही, पुढे चालत थोडं अंतर. नंतर मोठे कार्यक्रम वांद्रे-कुर्ला संकुलात, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, नेरुळच्या स्टेडियमवर होऊ लागले. प्रत्येक ठिकाणी आमची एक तरी गाडी किंवा एक तरी रिक्षा वाढली.

रंगभवन गेलं ते आवाजाच्या नियमांमुळे. २००० साली केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि इस्पितळं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. रंगभवन अशा क्षेत्रात सापडलं आणि २००३ च्या सुमारास तिथलं संगीत थांबलं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दहाची मर्यादा उचलून धरली. आपल्याला हे सगळं गरब्यामुळे माहीत आहे. नवरात्रात शेवटचे काही दिवस बारापर्यंत सूट मिळते, तीही वर्षाला जास्तीत जास्त पंधरा दिवसांच्या हिशेबातली.

रॉकवाले या नियमाला मनापासून शिव्या घालतात. माझा भाचा त्यांतलाच. तो मेटल ऐकणारा, त्याच्या मते कोल्डप्ले म्हणजे रॉकच नव्हे, ती अंगाई! "मावशी, ऐन रंगात आल्यावर दहा वाजले म्हणून बंद? याला काय अर्थ आहे?" रंगभवनचं मलाही वाईट वाटतं. पण दहाच्या नियमाबाबत मी त्याच्या विरुद्ध पक्षात आहे. अरे बाबा, तू गोरेगावला राहतोस. दहाला संपतं म्हणून तर मला यायला मिळतं! कार्यक्रम मध्यरात्री संपला असता तर तो फक्त गाडीवाल्यांचा, हॉटेलात खोली घेणाऱ्यांचा आणि पुरुषांचा राहिला असता. मी तर म्हणते, पाचला सुरू करा आणि नऊला संपवा. ड्रम दिवसाउजेडीही तेवढाच वाजतो.

माझं पहिलं मोठं रॉक २०१६ चं, १९ नोव्हेंबरला, वांद्रे-कुर्ला संकुलात. 'ग्लोबल सिटिझन' नावाचा कार्यक्रम होता. मुलींचं शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, पाणी आणि स्वच्छतागृहं हे त्याचे विषय. बरीच तिकिटं पैशाने नव्हे, तर या विषयांसाठी काहीबाही केलं की मिळणाऱ्या गुणांवर होती. स्वच्छतागृहांसाठी अर्ज करत फिरणं हे तर माझं रोजचंच काम, म्हटलं एकदा त्याचं फळ तरी मिळू दे. नोटाबंदी होऊन अकरा दिवस झाले होते. पर्समध्ये शंभराच्या चार नोटा, आणि त्या मी देवघरातल्या नाण्यांसारख्या जपत होते. तिथे पोचल्यावर मात्र सगळं विसरले. कोल्डप्लेचा ख्रिस मार्टिन आणि आपला ए. आर. रहमान एका मंचावर! आजूबाजूची पोरं वयाने माझ्या निम्मी, पण "काकू, तुम्ही पुढे या, दिसेल" म्हणत जागा देत होती.

आणि तरीही मी शेवटपर्यंत थांबले नाही. बरोबरच्या मैत्रिणीने घड्याळ दाखवलं, कुर्ला स्टेशनचं अंतर आठवलं, आणि आम्ही निघालो. रस्त्यावरून चालताना मागून गाणं ऐकू येत होतं. वळणावर ते बारीक झालं, पुढच्या वळणावर फक्त ड्रमचा धप्-धप् उरला. मैत्रीण म्हणाली, "नाटकासारखंच झालं गं." आम्ही दोघीही पुढे काही बोललो नाही.

म्हणून २०२५ मध्ये ठरवलंच होतं, या वेळी शेवटचा ठोका ऐकूनच उठायचं. तिकिटांची कथा तुम्ही वाचली असेलच. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत दर, आणि काळ्या बाजारात त्याचे लाखांवर गेलेले आकडे. आम्हाला मिळाली ती नंतर काढलेली दोन हजारांची तिकिटं. ती जोडीनेच घ्यायची आणि जागा कुठे ते आधी कळायचं नाही. जोडीने म्हणजे लेक आणि मी! लेकीने उल्हासनगरच्या बाजारातून दोघींसाठी काळे टी-शर्ट आणले. आमच्याकडे जुना विनोद आहे, मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असतं आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन.

जागा अगदी वरची होती. मंचावरची माणसं मुंगीएवढी. पण प्रत्यक्ष रॉक ऐकणं म्हणजे काय ते सांगू? ते कानाने कमी आणि बरगड्यांनी जास्त ऐकायचं असतं. पहिला मोठा ठोका पडतो तो छातीच्या पिंजऱ्यात. देवळातल्या नगाऱ्याजवळ उभं राहिल्यावर होतं तसं, पण दोन तास. प्रत्येकाच्या मनगटावर दिव्याचं कडं बांधलेलं होतं. गाण्याबरोबर सगळ्या स्टेडियमची कडी एकदम पिवळी व्हायची, एकदम निळी. माझ्या हिरव्या बांगड्यांशेजारी ते कडं लुकलुकत होतं. जाताना कडी परत द्यायची होती, लेकीला ठेवून घ्यायची होती, त्यावरून आमचं थोडं वाजलं. (दिली परत.) शेवटच्या गाण्याला मी उभी होते. रडले की काय आठवत नाही. लेक म्हणते, रडलीस.

मग तीच गोष्ट, जिच्यासाठी गटातल्या बायकांनी मला घेरलं होतं. दहाच्या आत संपलं. नेरुळ स्टेशनपर्यंत पायी, गर्दीबरोबर. नेरुळहून ठाणे, ठाण्याला जिना चढून पलीकडे, मग बदलापूर गाडी. लेडीज डब्यात नऊ बायका आणि एक पोलीस शिपाई. दोन नर्स, एक कॉल सेंटरवाली, एक मासळीची रिकामी टोपली घेतलेली मावशी. त्यांना रात्रीची गाडी रोजचीच. त्या कामासाठी येतात म्हणून त्यांना कोणी काही विचारत नाही. मी आनंदासाठी आले म्हणून विचारलं गेलं.

गर्दीत काही वाईट अनुभव आला का, असंही मुली विचारतात. माझा अनुभव चार-पाच कार्यक्रमांचाच. त्यात मला धक्का देणारे हात भेटले नाहीत, संध्याकाळी सातला कल्याणच्या पुलावर ते नक्की भेटतात. मला त्रास झाला तो वेगळाच. एका कार्यक्रमात पाण्याची बाटली दारावरच काढून घेतली, आत बायकांच्या स्वच्छतागृहाला एवढी रांग की तीन गाणी रांगेतच ऐकली. शेजारची मुलगी म्हणाली, "मी दुपारपासून पाणीच प्यायले नाही." मुंबईची लोकल करणाऱ्या बायकांची ही जुनी युक्ती हजारो रुपयांचं तिकीट काढूनही करावी लागते, हे मला पटत नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापुरात जे घडलं, आणि त्यानंतर लोक रुळांवर उतरले, त्यापासून आमच्याकडच्या आयांच्या मनात भीतीने घर केलं आहे. मुलींची बाहेर जाण्याची वेळ आणखी अलीकडे आली. त्या भीतीला मी नावं ठेवणार नाही, मीही आईच आहे. एवढंच म्हणते की ते रात्री घडलं नव्हतं. दिवसाउजेडी, शाळेत घडलं होतं. रात्रीचं दार बंद करून आपण नेमकं काय अडवलं?

अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी कोविडच्या आधीपासून आर्ट फेस्टिव्हल भरू लागला. १०६० सालचं हे शिलाहारांचं देऊळ, आणि त्याच्या परिसरात गिटार-ड्रमचा ताफा घेऊन आलेले गायक! तिथे बायका किती असतात ते जाऊन बघा. लेकुरवाळ्या असतात, आज्या असतात. त्याच बायका नेरुळला का नव्हत्या? आवड नाही म्हणून? अजिबात नाही. इथून घर चालत आहे म्हणून. आमच्या तीनही गावांमध्ये एखादं कायमचं खुलं रंगमंदिर हवं, रंगभवनसारखं, स्टेशनपासून चालत जाता येईल असं. नगरपालिकेच्या निवडणुकीत मतं मागायला येतील त्यांना हे विचारायला काय हरकत आहे?

आता एक कबुली. उल्हासनगरला मी मुलींचा अभ्यासवर्ग घेते. त्यातली एक मुलगी 'ग्रीन डे'ची वेडी. मार्च २०२५ मध्ये तो बँड महालक्ष्मीला लोलापलूझात येणार होता, कार्यक्रम ८ आणि ९ तारखेला. शनिवारी ८ मार्च, महिला दिन. त्या दिवशी मी एका सभागृहात 'तिचं आकाश' की असंच काही तरी यावर भाषण केलं, आणि मला पुष्पगुच्छ याच मुलीने दिला. घरून परवानगी मिळाली नव्हती. वडील वाईट नाहीत, अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीवर जातात. मी बोलायला गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ताई, पैशाचं नाही हो. दादरला गाडी चुकली तर ती रात्रभर करेल काय?" मला उत्तर देता आलं नाही. "मी जाते तिच्याबरोबर" हे उत्तर होतं. पण रविवारी माझा दुसरा एक कार्यक्रम होता, पुन्हा महिला दिनाचाच. मी तिला म्हटलं, "पुढच्या वेळी नक्की."

काही महिन्यांनी ती एक वहीचा कागद घेऊन आली. महालक्ष्मी ते दादर, दादर ते उल्हासनगर, अशा तीन गाड्यांच्या वेळा, एक चुकली तर दुसरी, दुसरी चुकली तर तिसरी. खाली वडिलांच्या अक्षरात एक ओळ होती, "दादरला पश्चिमेवरून मध्येला यायचा रात्री मोकळा जिना कुठला?"

मला माहीत नव्हतं. त्या आठवड्यात एका रात्री साडेदहाला मी आणि लेक दादरला उतरून तो जिना बघून आलो.